हिशोब माइकवर!

मागच्या वीकएन्डला कर्जत लोकल पकडली आणि पुढे टमटमनं थेट कडाव. मामेभावाच्या मंडळाच्या कबड्डीच्या मॅचेस होत्या. फ्लडलाइट्स, लाल माती, माइकवर गावातले काका. सॉलिड माहोल!

चहा पिताना भाऊ म्हणाला, "ताई, प्रो कबड्डीत जायचं तर भेटायचं कुणाला गं?"

प्रश्न साधा, उत्तर डोक्याला ताप. लीग 2014 मध्ये आठ टीम्सनी सुरू झाली, 2017 मध्ये बारा झाल्या. 2022 च्या लिलावात पवन सेहरावतवर 2 कोटी 26 लाखांची बोली लागली. पण लीग कंपनीची. जिल्हा, राज्य, इंडिया ही शिडी फेडरेशनची. तिथे जनार्दनसिंह गेहलोत 1984 पासून जवळपास तीन दशकं अध्यक्ष. त्यांच्यानंतर? त्यांच्याच पत्नी! 2018 मध्ये दिल्ली हायकोर्टानं ती निवड रद्द करून प्रशासक नेमला. डिसेंबर 2023 मध्ये निवडणूक झाली, तरी कारभार प्रशासकाकडेच. मधल्या काळात आंतरराष्ट्रीय फेडरेशननं भारताला सस्पेंड केलं. शेवटी दोन महिला खेळाडू सुप्रीम कोर्टात गेल्या, तेव्हा कुठे फेब्रुवारी 2025 मध्ये सूत्रं नव्या कमिटीकडे आली. पुढच्याच महिन्यात आपल्या मुलींनी तेहरानमध्ये एशियन चॅम्पियनशिप जिंकली. कोर्टात कुणी गेलंच नसतं तर?

भावाला म्हटलं, "जिल्ह्याच्या सिलेक्शनला जा, आणि असोसिएशन कोण चालवतं तेही बघ."

रात्री फायनलनंतर काकांनी माइकवर हिशोब वाचला. वर्गणी किती, मंडप किती, बक्षिसं किती, उरले किती. भाऊ जांभया देत होता. मी मात्र शेवटच्या रुपयापर्यंत ऐकलं.