शर्यत कुणाची? रस्त्यावरच्या लोकांची की तंबूतल्या पाहुण्यांची?

दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला एका रविवारी बेल्जियमचा उत्तर भाग घराबाहेर पडतो. खाण्याचे डबे, घडीच्या खुर्च्या आणि काळ्या सिंहाचे पिवळे झेंडे घेऊन लोक सकाळपासून रस्त्याच्या कडेला जागा धरतात. निमित्त असते 'टूर ऑफ फ्लँडर्स' या व्यावसायिक सायकल शर्यतीचे. एकाच दिवसात सुमारे २७० किलोमीटर, आणि वाटेत दगडी फरसबंदीचे अरुंद, उभे चढ. २०२५ मध्ये स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने ती दुसऱ्यांदा जिंकली. महिलांमध्ये बेल्जियमच्याच लोटे कोपेकीने तिसऱ्यांदा.

पण तिथल्या माणसाला विचाराल तर ही नुसती शर्यत नाही. ती त्याच्या भाषेची जत्रा आहे.

वर्तमानपत्राने काढलेली शर्यत

१९१३ साली ही शर्यत सुरू केली ती 'स्पोर्टवेरल्ड' या डच भाषेतल्या क्रीडापत्राने. पत्रकार कारेल व्हान वाइनेंडाले त्यामागे होते. त्या काळी बेल्जियमचा कारभार, सैन्य, उच्च शिक्षण यांवर फ्रेंचचा पगडा. डच बोलणारा शेतकरी-कामगार संख्येने जास्त, पण मान कमी. पहिल्या शर्यतीत ३७ जण निघाले आणि १६ जणांनीच ती पुरी केली. तरी फ्लँडर्सच्या गावागावांतून जाणाऱ्या या चाकांनी लोकांना 'हा आपला मुलूख' असे सांगितले. गेंटचे विद्यापीठ पूर्णपणे डच भाषेत यायला त्यानंतर १९३० साल उजाडावे लागले, आणि भाषिक सीमा कायद्याने पक्की झाली ती १९६० च्या दशकात.

आजही शर्यतीचे चढ त्या सीमेला खेटून आहेत. जवळचे रोन्से हे गाव डच विभागात मोडते, पण तिथल्या फ्रेंच भाषकांना सरकारी कागदपत्रे आपल्या भाषेत मागण्याची कायदेशीर सोय आहे. मराठी परिपत्रकांसाठी वर्षानुवर्षे अर्ज करणाऱ्या बेळगाव-निपाणीच्या वाचकाला याचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

मार्ग बदलला, लोक चिडले

खरा वाद पेटला तो २०१२ च्या मार्गावरून. १९७३ पासून शर्यत मीरबेकेला संपायची, आणि त्याआधी गेरार्ड्सबर्गनचा 'म्यूर', म्हणजे 'भिंत', हा चढ निकाल ठरवायचा. वर छोटे देऊळ, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. आयोजक 'फ्लँडर्स क्लासिक्स' कंपनीने शेवट औदेनार्दे गावी हलवला आणि म्यूर वगळला. त्याऐवजी क्वारमोंट आणि पाटरबर्ग हे चढ पुन्हा पुन्हा घ्यायचे ठरले. गेरार्ड्सबर्गनच्या लोकांनी चक्क शवपेटी खांद्यावर घेऊन म्यूरची अंत्ययात्रा काढली.

कंपनीचे गणित मात्र सरळ होते. क्रिकेटच्या सामन्याला स्टेडियम असते, दार असते, तिकीट असते. सायकल शर्यत सार्वजनिक रस्त्यावर धावते. बघायला पैसे कोण देणार? मग उरतात पुरस्कर्ते, दूरचित्रवाणीचे हक्क आणि बड्या पाहुण्यांचे तंबू. शर्यत सरळ निघून गेली तर तंबूतल्या पाहुण्याला ती मिनिटभरच दिसते. तीच तीन वेळा समोरून गेली, तर महागडी जागा विकता येते. म्हणजे मार्ग वळला तो हिशेबाच्या वहीप्रमाणे.

दोन्ही बाजू खऱ्या

या पैशाला सरसकट नावे ठेवणेही बरोबर नाही. पोलीस बंदोबस्त, रस्ते बंद ठेवणे, थेट प्रक्षेपण हे फुकटात होत नाही. २००४ पासून महिलांचीही शर्यत होते, आणि २०२२ पासून त्यांच्या विजेतीला पुरुषांइतकेच बक्षीस मिळते. तेही पुरस्कर्त्यांच्याच जोरावर. नव्या मार्गावर चुरशीच्या लढतीही झाल्या.

लोकांचा राग अगदीच वाया गेला नाही. २०१७ ते २०१९ अशी तीन वर्षे म्यूर मार्गात परतला, पण शेवटापासून बराच आधी. मान मिळाला, निकाल ठरवण्याची ताकद नाही. आता तोही नाही. शर्यत कुठून निघणार हेही आता मोठ्या शहरांशी होणाऱ्या करारांवर ठरते. ब्रुज आणि अँटवर्प आळीपाळीने तो मान घेतात.

सायकलिंगच्या जगात चढावरच्या प्रेक्षकांना तिकीट लावावे, ही कल्पना अधूनमधून डोके वर काढते. फ्लँडर्समध्ये ती लागू करणे म्हणजे जत्रेच्या वाटेवर नाका बसवण्यासारखे होईल. कारण तंबूतला पाहुणा पैसे मोजतो ते समोरचा चढ पाहायला जसे, तसेच त्या चढावर उसळलेली गर्दी पाहायला. ती गर्दी फुकट आलेली असते, आणि शर्यतीची खरी किंमत तीच ठरवते. तिला मार्गाच्या निर्णयात जागा कधी मिळणार, हा प्रश्न २०१२ पासून तसाच उभा आहे.