दुकानदाराने फक्त धंद्याचीच पुस्तकं वाचायची का?

माझं मत सांगतो: नाही. तीन वेगवेगळी घ्या.

पहिलं, सॅम वॉल्टन यांचं 'मेड इन अमेरिका'. न्यूपोर्टमधलं त्यांचं पहिलं दुकान जोरात होतं. पण भाडेकरारात मुदतवाढीची अट नव्हती. १९५० मध्ये दुकान सोडावं लागलं. तुमचा गाळा भाड्याचा असेल तर करार आजच काढून बघा.

दुसरं, विलास मनोहर यांची कादंबरी 'एका नक्षलवाद्याचा जन्म'. आपलं माडिया गिऱ्हाईक उधारीच्या वहीत नुसता आकडा असतं. इथे माणूस भेटतो.

तिसरं, डॉ. प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा'. १९७३ पासून हेमलकशात त्यांनी आधी लोकांची भाषा शिकून विश्वास कमावला.

पहिलं पुस्तक दुकान वाचवेल. पण एटापल्लीत गिऱ्हाईक टिकवायचं तर बाकीची दोनही वाचाच!