न उघडणारी फाईल आणि अडकलेले पैसे

खालापूर तालुक्यात सावरोली-खारपाडा रस्त्याला लागून असलेल्या कुंभिवलीच्या पट्ट्यात कारखाने व गोदामे उभी राहिली आणि त्यांच्या आधाराने लहान धंदेही आले. मालवाहतूक, भंगार, लाकडी क्रेट, फॅब्रिकेशन, मजूर पुरवठा अशा कामांत आपले बांधवही आहेत. कारखान्याकडून येणारी चौकशी, ऑर्डर, मालाबद्दलची तक्रार हे सारे आता ई-मेलने येते आणि लहान व्यावसायिक ते मोबाईलवरच पाहतो. मेलसोबतची फाईल उघडली नाही, किंवा उघडली पण तिच्यात नुसते चौकोन दिसले, तर तो काय करतो? बहुतेक वेळा काहीच करीत नाही. महत्त्वाचे असेल तर फोन येईल, असे म्हणून गप्प बसतो. आमचा आक्षेप या गप्प बसण्याला आहे.

कारण कायद्याची घड्याळे चालूच असतात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ प्रमाणे, उभयतांत वेगळे काही ठरले नसेल तर, आपण व्यवहारासाठी नेमून दिलेल्या यंत्रणेत संदेश शिरला की तो आपल्याला मिळाला असे धरले जाते. मोबाईलवर तो वाचता आला की नाही, हे तेथे विचारलेले नाही. दुसरी बाजू पैशाची. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार लहान पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपेक्षा जास्त थकवता येत नाहीत. मात्र माल पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर हरकत दूर होईल त्या दिवसापासून मुदत मोजायची असते. ती हरकतच न उघडणाऱ्या फाईलमध्ये पडून राहिली, तर पुरवठादार ४५ दिवस मोजत बसतो आणि तिकडे मुदत सुरूच झालेली नसते.

आता फाईल का वाचता येत नाही ते पाहू. पुष्कळदा ती बिघडलेली नसतेच. मराठी पत्रांचा घोळ जुन्या फाँटचा आहे. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फाँटमध्ये टाईप केलेले पत्र आतून इंग्रजी अक्षरांच्या खुणांनीच साठवलेले असते; त्या खुणांवर मराठी आकार चढवण्याचे काम फाँट करतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द म्हणजे प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरे. मोबाईलमध्ये तो फाँट नसतो, म्हणून ती पाच अक्षरेच दिसतात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-शासनासाठी युनिकोड हेच प्रमाण ठरवले. तरीही कृतिदेवमधली पत्रे अजून फिरत आहेत, हे टाईप करणाऱ्याच्या सवयीचे लाड आहेत, दुसरे काही नाही. उर्दूतून पत्रके काढणाऱ्यांना हा त्रास नवा नाही. इनपेजची फाईल मोबाईलवर तशीच पाठवली की समोरच्याला काही दिसत नाही. पीडीएफ करून पाठवली की नस्तालीक जसेच्या तसे दिसते.

पीडीएफचा गुण हाच की फाँट फाईलच्या आतच बसवून पाठवता येतो. म्हणून जुन्या फाँटचे पत्रही पीडीएफमध्ये नीट वाचता येते. त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे नेला तर मात्र पुन्हा तीच इंग्रजी अक्षरे, एवढे लक्षात ठेवावे.

'विनमेल डॉट डॅट' नावाची फाईल आली तर समजावे की पाठवणाऱ्याच्या आउटलुकमध्ये 'रिच टेक्स्ट' हा प्रकार निवडलेला आहे. खरी ऑर्डर त्या पुडक्यात आत असते. पाठवणाऱ्याने प्रकार बदलून 'एचटीएमएल' केला की प्रश्न मिटतो. फॅब्रिकेशनवाल्यांना ऑटोकॅडचे ड्रॉइंग आले, तर त्याचीही पीडीएफ मागावी. आपल्याकडूनही असे घडते: आयफोनवर काढलेला चलनाचा फोटो 'एचईआयसी' प्रकारात जातो आणि कारखान्याच्या जुन्या संगणकावर उघडत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडावे.

खरी जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि लिहिणाऱ्याने तो न्यायाने लिहिण्याचा आदेश आहे. ज्याला वाचायचे त्याला वाचताच येऊ नये, असे लिखाण न्यायाचे कसे म्हणावे? मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागाला पीडीएफ करायला अर्धे मिनिट लागते. पण कारखाना स्वतःहून सुधारेल याची वाट लहान माणसाने पाहू नये. फाईल उघडली नाही तर त्याच दिवशी, त्याच मेलला उत्तर द्यावे: 'आपला मेल मिळाला. सोबतची फाईल वाचता येत नाही. कृपया पीडीएफ करून पाठवावी. मजकूर वाचल्यानंतरच उत्तर देऊ.' फोनवर सांगितले असले तरी हे लिहावेच, कारण पुढे वाद झाला तर तारखेसह दाखवायला हाच कागद उपयोगी पडेल.

आणखी एक. न उघडणारी फाईल इंटरनेटवरच्या कुठल्याही फुकट साईटवर टाकून बदलून घेण्याची सवय वाढते आहे. त्या फाईलमध्ये आपले दर असतात, गिऱ्हाईकाचे नाव असते, कधी बँकेचा खाते क्रमांकही असतो. असे कागद अनोळखी साईटच्या हाती देण्यापेक्षा खरेदी विभागाकडे पुन्हा मागणे बरे. आणि घाईच असेल तर तो फाँट असलेल्या ओळखीच्या टायपिंगवाल्याकडे जाऊन प्रिंट काढून आणावी.