शाल-श्रीफळापलीकडचा सत्कार

सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या कारागिरांनीही थबकून पाहावी, अशी ब्राँझची एक मुलगी सोलमध्ये जपानी वकिलातीच्या जुन्या जागेसमोर बसलीय. मुठी आवळलेल्या, अनवाणी टाचा किंचित उचललेल्या, शेजारी रिकामी खुर्ची. थंडीत लोक तिला लोकरी टोपी घालतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या बायकांची ही आठवण. त्यांच्यातल्याच किम हाक-सून १४ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीरपणे बोलल्या. जानेवारी १९९२ पासून वकिलातीच्या त्याच जागेसमोर दर बुधवारी निदर्शनं होतात. हजाराव्या बुधवारी, २०११ मध्ये, हा पुतळा बसला.

आपल्याकडे सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांची लांबलचक भाषणं. किम हाक-सून यांच्यासारख्या बायकांचा सत्कार करताना मात्र माईक आधी त्यांच्या हाती द्यायला हवा. नको म्हणाल्या तर गळ घालू नये.

नुसत्या किताबाने भागत नाही. बांगलादेशाने १९७१ च्या मुक्तियुद्धातल्या लैंगिक अत्याचारितांना ‘वीरांगना’ म्हटलं, पण अनेकींना तोच शब्द टोमण्यासारखा ऐकावा लागला. मुक्तियोद्धा म्हणून सरकारी यादीत नावं यायला २०१५ उजाडलं.