राबेल त्याचे अवजार

परकीय मालकी ४० टक्क्यांवर आणण्यास नकार देऊन आयबीएमने १९७८ साली भारत सोडला. संगणकातील मालकीचा प्रश्न मात्र येथेच राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित पाठपुरावा थांबला आणि विंडोज ११ न स्वीकारणारे खडवलीसारख्या गावांतील धडधाकट संगणकही बाद ठरले. लिनक्स हा त्यावरील उतारा खरा. परंतु तेथेही एकाच कंपनीच्या मर्जीवर जगणारी प्रोग्रामिंगची साधने निवडणे म्हणजे सावकार बदलून कर्ज कायम ठेवणे होय. व्हिज्युअल बेसिक ६ चे विकसनसाधन मायक्रोसॉफ्टने २००८ साली वाऱ्यावर सोडले, तेव्हा ते शिकलेल्यांच्या श्रमांचे मोल कोणी दिले? पायथन, जीसीसी, फ्री पास्कल यांची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. कसेल त्याची जमीन म्हणणाऱ्यांनी राबेल त्याचे अवजार, हीही मागणी आता महाविद्यालयांच्या दारात नेली पाहिजे.