धडधाकट यंत्रांना सक्तीची निवृत्ती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. म्हणूनच की काय, या निर्णयाविरुद्ध आपल्याकडे फारसा आवाज उठला नाही. यंत्र चालत राहते; सुरक्षेतील नवी भगदाडे बुजवणारा मात्र कोणी उरत नाही. घर शाबूत आहे, पण दाराला कडी नाही!

‘मग विंडोज ११ घ्या’, हे त्यावरचे ठरलेले उत्तर. २०२१ साली आलेल्या या प्रणालीला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलपुरती ही यादी, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून सुरू होते. ती पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. सुरक्षेचा मुद्दा अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण सहाव्या-सातव्या पिढीच्या अनेक संगणकांत टीपीएम २.० असूनही ते बाद का? २०१७ च्या आरंभी हप्त्याने घेतलेला संगणक पाच वर्षे पुरी होण्याआधीच अपात्र ठरावा, हा कुठला न्याय?

जुने कधीतरी सोडावे लागते, हे मान्य. लिनक्सनेही २०१२ साली ३८६ प्रोसेसरचा आधार काढून घेतला. पण तो प्रोसेसर १९८५ सालचा होता. सत्तावीस वर्षांनी दिलेला निरोप कोणाला खुपत नाही.

खरे गौडबंगाल पुढेच आहे. पैसे मोजणाऱ्या उद्योगांना विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या आणखी तीन वर्षे देण्याचे कंपनीने ठरवले. घरगुती ग्राहकाला एका वर्षासाठी तीस डॉलर, नाहीतर संगणकातील मांडणी कंपनीच्या साठवणीत ठेवण्याची अट किंवा बक्षीस-गुणांचा भरणा. युरोपात ग्राहक संघटनांनी दबाव आणताच तेथे हेच वर्ष मोफत झाले (कंपनीचे खाते तेथेही लागतेच). म्हणजे दुरुस्त्या तयार होणारच आहेत. अडचण तंत्राची नसून तिजोरीची आहे. भारतीय ग्राहकाने ही सवलत ठणकावून का मागू नये? औषधाच्या वेष्टनावर मुदत छापतात, तशी संगणकाच्या खोक्यावर देखभालीची अखेरची तारीख छापणे कायद्याने बंधनकारक व्हावे.

पर्याय नाही असे नाही. सी-डॅकने २००७ पासून ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली उपलब्ध केली आहे. केरळच्या सरकारशी आमचे मतभेद जगजाहीर आहेत. पण तेथील सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीवर वर्षानुवर्षे मुले शिकवून दाखवली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र जुन्या मराठी फॉन्टांवर पोट असलेल्या अक्षरजुळणीवाल्याला ‘लिनक्स घाला’ असे सांगणे सोपे, करणे कठीण. त्याचे सारे काम विंडोजच्या दावणीला बांधलेले आहे.

घरातील संगणक किलोच्या भावाने भंगारात देण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. काही न पुसता ते चालते. स्वतःला गरज नसेल, तर वस्तीतील अभ्यासिकेला ते यंत्र निश्चित हवे असेल.