'सर्व्हर डाऊन' म्हणजे नेमकं काय? जनरल रजिस्टरवरून शिकवता येईल असा एक धडा



माहिती भरण्याची शेवटची तारीख जवळ आली की शाळेच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. "सर्व्हर डाऊन आहे, रात्री अकरानंतर ट्राय करा." आपण बिचारे घरची कामं उरकून, मुलांना झोपवून रात्री लॅपटॉप उघडून बसतो. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतं आणि आपण त्याच्याकडे बघत बसतो. हा मेसेज आता आपण पावसासारखा स्वीकारला आहे. आला तर आला, काय करणार!

पण पाऊस ही निसर्गाची गोष्ट आहे. सर्व्हर मंद होणं ही माणसाने केलेली किंवा करायची राहून गेलेली गोष्ट आहे. बहुतेक वेळा तिची कारणं इतकी साधी असतात की आठवी-नववीच्या मुलांना ती शाळेतलंच उदाहरण घेऊन शिकवता येतात. आणि ती शिकवलीच पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे. का ते पुढे सांगते, आधी धडा.

आपल्या ऑफिसातलं जनरल रजिस्टर घ्या. त्यात नावं कशी असतात? दाखल झाल्याच्या क्रमाने. पहिला आला तो पहिला, हजारावा आला तो हजारावा. रजिस्टर नंबर सांगितला की लिपिक एका मिनिटात पान काढून देतात. पण समजा एक आजोबा आले आणि म्हणाले, "बाई, माझा शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे. साल नाही आठवत, चौथीपर्यंत होतो इथं." मग काय? पहिल्या पानापासून एकेक नाव वाचत जायचं. कॉम्प्युटर मंद होतो तेव्हा आत बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं. त्याला एक नाव शोधायला सांगितलेलं असतं आणि तो बिचारा अख्खं रजिस्टर पहिल्यापासून वाचत असतो. तेही एकाच वेळी हजार शिक्षकांसाठी हजार वेळा!

शहाणे लिपिक काय करतात? एक वेगळी वही ठेवतात. तिच्यात नावं अकारविल्हे आणि प्रत्येक नावापुढे रजिस्टर नंबर. हीच सूची, म्हणजे इंडेक्स. मूळ रजिस्टरला हात लावायचा नाही, फक्त कुठे बघायचं ते सांगणारी वही जवळ ठेवायची. मुलांना गणित करून दाखवा. नावं क्रमाने असतील तर वही मधोमध उघडायची, आपलं नाव अलीकडे की पलीकडे ते बघायचं आणि अर्धी वही सोडून द्यायची. उरलेल्या भागाचं पुन्हा तसंच. अशा रीतीने १ लाख नावांत हवं ते नाव जास्तीत जास्त १७ वेळा बघून सापडतं. नावं १ कोटी झाली तरी २४ वेळा. नुसतं वाचत गेलं तर १ लाख वेळाही बघावं लागेल. मुलांना हा फरक फळ्यावर दिसला की त्यांचे डोळे मोठे होतात, सांगून बघा.

आपल्या नवी मुंबईत ही वही किती मोलाची आहे ते पालकांना सांगायला नको. १९७० साली सिडको स्थापन झाली, त्याआधी इथे गावंच होती. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, दिवाळे. गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर हा अनेक घरांतला जन्मतारखेचा एकमेव लेखी पुरावा आहे. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचं प्रकरण असो, वारस नोंद असो की जातीचा दाखला, गाडी फिरून शाळेच्या दाखल्यावर येते. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा राज्यभर १९६७ पूर्वीची रजिस्टरं कपाटातून बाहेर आली. त्यात शाळांचीही होती, काही कागद तर मोडी लिपीत. सूची नसलेल्या नोंदी शोधणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राने तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं. पानामागून पान!

आता कोणी म्हणेल, सोपं आहे की मग, करा सूची आणि मोकळे व्हा. नाही हो. इथेच खरी गंमत आहे.

सूची फक्त आडनावाची केली असं समजा. आमच्या भागातल्या शाळेत "पाटील" अशी हाक मारली तर अर्धा वर्ग उभा राहतो. उरलेल्यांत म्हात्रे, ठाकूर आणि भोईर. अशा सूचीचा उपयोग काय? पाटलांच्या यादीत पुन्हा एकेक नाव वाचावंच लागणार. ज्याने शोध खरोखर अरुंद होतो त्याचीच सूची करायची, म्हणजे आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. "मुलगा की मुलगी" याची सूची करून जवळपास काहीच हाती लागत नाही. तरीही जुन्या प्रणालींमध्ये असल्या निरुपयोगी सूच्या पडून असतात आणि त्यांचा भुर्दंड पडतोच. एक नवीन मूल दाखल झालं की रजिस्टरसोबत पाचही वह्यांमध्ये योग्य जागी नाव घुसवावं लागतं. शोधणं वेगवान झालं, पण भरणं मंद झालं. म्हणून जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत एखादं पोर्टल अडखळतं, तेव्हा कारण कधी सूची नसणं असतं, तर कधी नको तितक्या सूच्या असणं. जाणकार माणूस आधी तपासतो. नेमका कोणता शोध मंद आहे आणि कॉम्प्युटर तो कोणत्या वाटेने करतो, हे त्याला विचारता येतं. तशी आज्ञाच असते. न तपासता नवं मशीन मागणं म्हणजे ताप न मोजता औषध देणं.

आणखी एक. सूची आडनावापासून लावलेली असेल आणि कोणी विचारलं, "ज्यांच्या नावाचा शेवट 'बाई'ने होतो ती सगळी काढा," तर सूची असून नसल्यासारखी. शब्दकोशात शेवटच्या अक्षरावरून शब्द शोधून बघा म्हणजे कळेल.

मराठीचं दुखणं तर वेगळंच आहे, आणि ते इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. युनिकोड सर्रास होण्याआधी आपल्या कार्यालयांत मराठी टाइप व्हायचं ते श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये. पडद्यावर अक्षर मराठी दिसायचं, पण आत साठवलेला कोड निराळाच. कित्येक फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जायची, कारण ती दिसते आधी! मग किरण, विजय, निखिल, दिनेश हे सगळे वेलांटीखाली एका रांगेत गोळा. क-मध्ये किरण शोधायला जावं, तर तो सापडणारच नाही. बरं, युनिकोड आल्यावर तरी सुटलो का? 'ॲ' हे अक्षर २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे. म्हणून जुन्या नोंदीतली 'ॲनी' नव्या 'ॲ'ने शोधली की "नोंद आढळली नाही." मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांत तर काही न सांगता ठेवलं, तर अक्षरांचा क्रम चक्क स्वीडिश भाषेच्या नियमाने लागायचा, आणि मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ उमटायची. ती माळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मुलाचं नाव "?????" असं छापून आलं की पालकांना काय वाटतं, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

फाइलींबद्दल थोडक्यात. प्रत्येक प्रणाली आपली रोजनिशी लिहीत असते, कोण आलं, काय केलं, काय चुकलं. ती वेळच्या वेळी बांधून माळ्यावर टाकली नाही, तर एक दिवस डिस्क भरते आणि नवीन काहीच लिहिता येत नाही. लोकांना वाटतं हॅकिंग झालं. झालेलं असतं एवढंच, की कपाट भरलं. तसंच लिनक्सवर एका प्रोग्रामला एका वेळी किती फाइली उघड्या ठेवता येतील याला मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी ती न बदलता १०२४ अशीच असते. हजार माणसं एकदम आली की नंतरच्यांना दार बंद. या दोन्हींची दुरुस्ती पाच मिनिटांची, फक्त कोणीतरी बघायला हवं.

राहिली रात्रीची कामं. शाळेची आपोआप वाजणारी घंटा आठवा. तिला वेळ कळते, सुट्टी कळत नाही. रविवारी रिकाम्या शाळेत ती इमानदारीत वाजते. सर्व्हरवर ठरावीक वेळी चालणाऱ्या स्क्रिप्ट अशाच असतात. दर दहा मिनिटांनी चालायची स्क्रिप्ट माहिती वाढल्यावर बारा मिनिटं घेऊ लागली, तर पहिली संपायच्या आत दुसरी सुरू, मग तिसरी, आणि सगळ्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर लावलेलं असेल तर "मध्यरात्री चालव" म्हणून ठेवलेलं काम आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतं. ते तीन तास चाललं की बरोबर सकाळच्या सत्रात, आपण हजेरी भरायला बसतो तेव्हा, सगळं गोठतं. रात्री अकरानंतर "चालतं" याचं गूढ कधी कधी एवढंच असतं.

हे किरकोळ वाटत असेल तर जून २०१२ मधलं ब्रिटनचं उदाहरण घ्या. आरबीएस बँकेत रात्रीची कामं ओळीने चालवणारं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं, अडचण दिसली म्हणून मागे घेतलं, आणि ती ओळच विस्कटली. त्या बँकगटाच्या ब्रिटनमधल्या ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना फटका बसला. अनेकांचे पगार, हप्ते अडकले. २०१४ मध्ये बँकेला ५ कोटी ६० लाख पौंड दंड झाला. आपल्या बेलापूरला स्टेट बँकेचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र आहे. ऐरोली, महापे, रबाळेच्या कंपन्यांत रात्रपाळी करणारे कितीतरी पालक आपल्या शाळांना लाभले आहेत. त्यांच्यातल्या अनेकांचं काम म्हणजे नवीन काही बनवणं नसून, पंधरा-वीस वर्षं जुनं चालतं ठेवणं. त्यांच्या मुलांना विचारा, "बाबा काय करतात?" उत्तर येतं, "कॉम्प्युटरवर बसतात." मुलांना हे काम दिसतच नाही.

आणि इथे माझी तक्रार आहे. कोडिंगच्या क्लासला हजारो रुपये भरणारे पालक भेटतात. तिथे मूल सहा महिन्यांत गेम बनवतं, कौतुकच आहे. पण दुसऱ्याने बनवलेलं, बिघडलेलं, कागदपत्रं हरवलेलं काहीतरी शांतपणे तपासून एकच बदल करायचा, मग बघायचं, मग दुसरा, ही सवय कुठे शिकवतात? घरात मिक्सर बंद पडला की नवा आणणाऱ्या आपल्या पिढीला प्रणालीचंही तेच वाटतं. मंद झाली? नवीन पोर्टल आणा! २०१५ मध्ये राज्यात 'सरल' आली, २०२२-२३ पासून यूडायस प्लसवर विद्यार्थीनिहाय माहिती सुरू झाली. दोन्हींची कारणं वेगळी असतील, मला त्या वादात पडायचं नाही. पण मुलाचं नाव, जन्मतारीख आणि आधार क्रमांक पुन्हा पुन्हा भरणारा हात शिक्षकाचाच असतो, आणि प्रत्येक वेळी स्पेलिंग चुकण्याची नवी संधी असते. संचमान्यता त्या माहितीवर ठरते, म्हणजे एका शिक्षकाची जागा राहते की जाते ते ठरतं. तेव्हा बैठकीत "नवीन कधी येणार" याऐवजी आपण तीन साधे प्रश्न विचारू या. मंद शोधांची यादी कोणी बघतं का? रात्रीची कामं नेमकी किती वाजता चालतात, आपल्या घड्याळाने? आणि जुन्या फॉन्टमधली नावं कोणी तपासून बदलली का? उत्तर देणाऱ्याला राग आला तरी चालेल.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवते, दोन तासिका पुरतात. पटावरची चाळीस नावं चिठ्ठ्यांवर लिहा आणि सरमिसळ करून एका गटाला द्या. दुसऱ्या गटाला तीच नावं सूची करून द्या. दहा नावं शोधायला किती वेळ लागतो ते मोजा. मग पाच नवीन मुलं "दाखल" करा आणि पुन्हा मोजा, आता कोणाला जास्त वेळ लागला? रात्रपाळीच्या एखाद्या पालकाला त्या दिवशी बोलवा, त्यांनी दुरुस्त केलेली एक गोष्ट सांगू द्या. शेवटी क्षितिजा आणि ज्ञानेश्वर या दोन चिठ्ठ्या काढा. मुळाक्षरांत क्ष आणि ज्ञ सगळ्यात शेवटी शिकवतो आपण, काही शब्दकोशांत मात्र क्ष क-खाली आणि ज्ञ ज-खाली असतो. मुलं भांडतील, भांडू द्या. जे ठरेल ते फळ्यावर लिहा आणि वर्षभर हजेरीपट त्याच क्रमाने लावा.